सुरतेतील फुफ्फुसी प्लेग, १९९४
सप्टेंबर १९९४ मध्ये, तापीचा पूर ओसरल्यानंतर, सुरतेच्या वेड रोड परिसरातील यंत्रमाग व हिरे कामगारांच्या दाट वस्तीत फुफ्फुसी प्लेग, म्हणजे पिसवांऐवजी रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांतून पसरणारा आणि वेळीच औषध न मिळाल्यास बहुधा प्राणघातक ठरणारा जंतुसंसर्ग, उद्भवला. बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची नोंद त्याआधीच झाली होती. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. परंतु लाखो लोकांनी शहर सोडले, त्यांत खानदेशातील मराठी मजूरही होते, आणि टेट्रासायक्लीन या स्वस्त प्रतिजैविकाचा दुकानांत तुटवडा पडला. काही खासगी डॉक्टरही पळाले, ही बाब विशेष लाजिरवाणी. हा रोग खरोखर प्लेगच होता का, हा निदानाबद्दलचा वाद मात्र जंतूंच्या जनुकीय तपासणीपर्यंत रेंगाळला. १९९५ मध्ये सुरतेचे महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहरातील कचरा व गटारांची व्यवस्था आमूलाग्र बदलली.