ओपन सोर्स सॉफ्टवेअरची जुनी व्हर्जन सर्व्हरवरून अचानक गायब का होतात?

30 जून 2024. सेंटओएस 7 या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली. त्यानंतर जगभरातल्या अनेक सर्व्हरवर साधं पॅकेज टाकण्याची कमांडही चालेना. 'होस्ट सापडत नाही' असा एरर यायला लागला. सर्व्हर बिघडला नव्हता, इंटरनेटही सुरू होतं. पण ज्या पत्त्यावर डाउनलोडसाठी विचारणा व्हायची, तो पत्ताच बंद झाला होता.

मग फाइल्स डिलीट झाल्या का? नाही. त्या 'व्हॉल्ट' नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या.

फाइल्स हलवतात कशासाठी?

मोठे ओपन सोर्स प्रकल्प एकाच सर्व्हरवर अवलंबून नसतात. विद्यापीठं, इंटरनेट कंपन्या आणि इतर संस्था त्यांच्या फाइल्सची हुबेहूब प्रत आपल्याकडे ठेवतात. याला 'मिरर' म्हणतात. डाउनलोड जवळच्या मिररवरून होतं, त्यामुळे वेग मिळतो आणि मुख्य सर्व्हरवरचा भार कमी होतो.

पण प्रत्येक जुनं व्हर्जन ठेवायचं म्हटलं, तर ते प्रत्येक मिररवर जागा अडवणार. शिवाय नवख्या माणसाने चुकून जुनंच उतरवण्याची भीती. म्हणून मिररवर चालू व्हर्जन राहतात आणि जुनी आर्काइव्हमध्ये जातात.

कोण काय करतं?

- अपाची: नवं व्हर्जन डाउनलोड सर्व्हरवर आलं, की त्याची प्रत आर्काइव्हमध्ये आपोआप जाते. पुढे प्रकल्पाने जुनं व्हर्जन मुख्य सर्व्हरवरून काढलं, तरी आर्काइव्हमधली प्रत राहते.
- डेबियन: मुदत संपलेली व्हर्जन काही काळाने वेगळ्या आर्काइव्ह सर्व्हरवर जातात. डेबियन 9 ची पॅकेजेस 2023 मध्ये अशीच हलवली गेली. 'स्नॅपशॉट' या सेवेत तर 2005 पासूनची पॅकेजेस तारखेनुसार शोधता येतात.
- उबुंटू: जुन्या व्हर्जनसाठी 'ओल्ड रिलीजेस' नावाचा स्वतंत्र सर्व्हर आहे.

सरळ डिलीट का करत नाहीत?

याचं उत्तर मार्च 2016 मध्ये मिळालं. 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या 11 ओळींचं पॅकेज त्याच्या निर्मात्याने एनपीएमवरून काढून घेतलं. त्यावर अवलंबून असलेले हजारो प्रकल्प अडले. शेवटी एनपीएमला ते परत आणावं लागलं आणि पॅकेज काढण्याचे नियमही कडक करावे लागले.

जुन्या व्हर्जनची गरज इतरही कारणांनी पडते. जुनं मशीन पुन्हा सुरू करायचं असतं, एखादा संशोधनाचा प्रयोग जसाच्या तसा करून पाहायचा असतो किंवा दोष नेमका कोणत्या व्हर्जनमध्ये शिरला, हे शोधायचं असतं.

खरी फसगत इथे होते

सेंटओएस 7 च्या एररवर अनेकांनी सोपा उपाय केला. सेटिंगमध्ये व्हॉल्टचा पत्ता टाकला. कमांड चालली, एरर गेला. पण व्हॉल्टमध्ये नव्या सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत. म्हणजे दार उघडलं, पण घरातल्या जुन्या भेगा तशाच राहिल्या.

याचा धोका किती? डिसेंबर 2021 मध्ये 'लॉगफोरजे' या जावा लायब्ररीतला गंभीर दोष उघड झाला. त्याला तीव्रतेचे 10 पैकी 10 गुण मिळाले. लगेच दुरुस्त व्हर्जन आली. पण दोष असलेलं 2.14.1 हे व्हर्जन अपाचीच्या आर्काइव्हमध्ये आजही आहे. आर्काइव्ह नोंद जपतं, सुरक्षिततेची हमी देत नाही.

जुनं व्हर्जन लागलंच तर काय करायचं?

- अनोळखी साइटवरून उतरवू नका. प्रकल्पाचं अधिकृत आर्काइव्हच वापरा.
- फाइलचा चेकसम आणि डिजिटल सही तपासा. फाइलमध्ये कोणी फेरफार केला असेल, तर ते यातून कळतं.
- रोज आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आर्काइव्हची लिंक टाकू नका. फाइल एकदा उतरवून स्वतःकडे प्रत ठेवा. या सर्व्हरवर विनाकारण भार पडत नाही.
- व्हर्जनची मुदत कधी संपते, ते आधीच पाहून ठेवा आणि त्याआधी अपग्रेड करा.

डाउनलोडची जुनी लिंक बंद पडते, तेव्हा नवी लिंक शोधण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे व्हर्जन अजून वापरण्याजोगं आहे का?