लग्नातली एस्प्रेसो आणि घरातली वाफ

लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात 'फुस्स्स' आवाज करणारं ते स्टीलचं मशीन आठवतंय? समोर रांग, हातात कागदी कप, वर चॉकलेट पावडरची चिमूट. आपल्याकडे कितीतरी वर्षं एस्प्रेसो म्हणजे हेच होतं: इन्स्टंट कॉफी, साखर, दूध आणि भरपूर वाफ. १९९६ मध्ये बंगळुरूत कॅफे कॉफी डे सुरू झालं, मग ते लोण पुण्यातही आलं. मेनूत सगळ्यात स्वस्त म्हणून मागवलेली एस्प्रेसो समोर आली ती दोन घोट काळीकुट्ट. "दूध कुठाय?" असं विचारलेले लोक मला माहीत आहेत :-)

पण लग्नातलं मशीन अगदीच खोटं नव्हतं बरं का. १८८४ मध्ये तुरीनच्या अँजेलो मोरियोंदोने वाफेवरच्या कॉफी मशीनचं पेटंट घेतलं, १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेराने त्यात सुधारणा केली. या मशीनमध्ये बॉयलरमधल्या वाफेचा दाबच गरम पाणी कॉफीतून ढकलायचा. दाब जेमतेम दीड बार, आणि पाणी जास्त तापल्यामुळे कॉफी करपट. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गॅजियाने स्प्रिंग आणि पिस्टन लावून दाब आठ-नऊ बारवर नेला, आणि १९६१ मध्ये फाएमा कंपनीने ते काम विजेच्या पंपाला दिलं. (पुणेकरांना १९६१ म्हटलं की पानशेतच आठवणार, ते सोडा.) कॉफी ढकलायच्या कामातून वाफ अशी सुटली. तिच्याकडे उरलं फक्त दूध तापवणं आणि फेसाळणं. आपल्या लग्नांनी नेमकं हे उरलेलं अर्धं मशीन उचललं!

आता वारज्यातल्या टू-बीएचकेच्या ओट्यावर येऊ. शनिवारी सकाळी हौसेने कॉफी करायला घ्यावी तर वाफ म्हणजे आजारी मांजराचं फिस्कारणं. दूध कोमट, फेस म्हणजे साबणाचे बुडबुडे. अशा वेळी सगळे दुधाला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतात. मला वाटतं आधी बॉयलर बघावा. बॉयलर म्हणजे आपल्या भाषेत बफर. दोन लिटरचा बॉयलर १२० अंशांवर असेल, तर दाब निम्मा होईपर्यंत तो नुसत्या साठवलेल्या उष्णतेवर ३० ग्रॅमच्या वर वाफ देतो. दीडशे मिली थंड दूध साठ अंशांपर्यंत न्यायला लागते साधारण १३ ग्रॅम. घरगुती मशीनचा बॉयलर मात्र कपभर, म्हणजे शंभर मिलीचा धरा: साठवणीतून दोन ग्रॅमसुद्धा नाही. बाकीची वाफ हीटरने त्याच क्षणी बनवायची. हजार वॉटचा हीटर सेकंदाला ०.४ ग्रॅमच्या आसपास देतो, म्हणजे सगळं ठीक असतानाही अर्धा मिनिट लागणारच.

म्हणून या मशीनवर वेळ साधावी लागते. वाफेचा दिवा 'तयार' दाखवतो तेव्हा बऱ्याच मशीनमध्ये हीटर बंद झालेला असतो. आधी नळीतलं साचलेलं पाणी फडक्यात सोडून द्या, दाब जरा उतरला की हीटर परत चालू होतो, आणि मग दुधात नळी घाला. तरी वाफ मलूल असेल तर मशीन पूर्ण थंड झाल्यावर नोझलची भोकं सुईने साफ करा. वाळलेलं दूध सिमेंटसारखं बसतं. (दाब असताना झाकण उघडायचं नाही, कुकरचाच नियम.)

दुसरा संशयित क्षार. सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळत असेल, तर बादलीच्या कडेला दिसतो तोच पांढरा थर हीटरवर चढतो आणि आतल्या बारीक वाटा बुजवतो. मॅन्युअल चालेल म्हणत असेल तर सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवा.

आणि एक गोष्ट इटालियन पुस्तकात सापडणार नाही: व्होल्टेज. २३० च्या जागी २०० आले तर हीटरची ताकद १३ नाही, जवळजवळ २५ टक्के घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. गीझर, इस्त्री आणि कॉफी एकाच वेळी लावून बघा, आणि मग गीझर बंद करून.