एक पेटी, अनेक पाट्या

स्पीकरचे शौकीन कानाने निवड करतात की नावाने, हे तपासायला ब्रिटनमधल्या ‘एलएस३/५ए’ या छोट्या स्पीकरइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात तो घडवला, तो बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी. गाडीत जागा थोडी, म्हणून पेटीची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. बर्च प्लायवुडच्या पातळ भिंती, ट्वीटरभोवती चिकटवलेला फेल्ट, वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज विभागणारं क्रॉसओव्हरचं सर्किट, सगळं बीबीसीने नेमून दिलेलं. उत्पादनाचे परवाने मात्र रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, रॅम, गुडमन्स, स्पेंडॉर, हारबेथ अशा अनेकांना मिळाले; यांतले बरेचसे अगदी लहान कारखाने होते. आतला बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर सर्वांकडे केंटमधल्या केईएफ कंपनीचेच. तरीही जुन्या मालाच्या बाजारात भाव ठरतो तो पुढच्या जाळीवरची पाटी पाहून. रॉजर्सचं नाव सर्वतोमुखी झालं, ऑडिओमास्टर आणि रॅम विस्मरणात गेले.

हा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण या स्पीकरमधलं खरं कसब पाटीत नव्हतंच. केईएफकडून येणारा प्रत्येक वूफर, प्रत्येक ट्वीटर तंतोतंत सारखा नसे. कुणाचा आवाज किंचित मोठा, कुणाचा किंचित लहान. म्हणून क्रॉसओव्हरमध्ये निरनिराळी टोकं काढलेलं एक वेटोळं असे. मोजमाप घेऊन योग्य टोक निवडायचं, मग बीबीसीच्या मर्यादेत बसणारी जोडी लावायची, हे चिकाटीचं काम परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला करावं लागे. विसरल्या गेलेल्या कारखान्यांनीही ते केलं.

यावर अनुभवी श्रोते म्हणतील की फरक आम्हाला खरोखर ऐकू येतो. येत असेलही. वूफरचे गुणधर्म वर्षांगणिक सरकत गेले, म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला आणि १५ ओहमचा स्पीकर ११ ओहमचा झाला. पण हा फरक काळाचा आहे, कंपनीचा नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्पेंडॉर आणि हारबेथ ही नावं फुकट मोठी झालेली नाहीत. बीबीसीतच काम केलेल्या स्पेन्सर ह्यूज आणि डडली हारवुड यांनी त्या कंपन्या काढल्या, आणि स्पेंडॉरच्या बीसी१ सारख्या स्वतंत्र रचनांनी आदर कमावला. तो आदर त्या रचनांना जरूर द्यावा. दुसऱ्याच्या आराखड्यावर बेतलेल्या पेटीकडे तो आपोआप कसा जाईल? शिवाय डोळ्यांना दिसलेलं कानांवर परिणाम करतं: ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर न दाखवता आणि दाखवून, अशा दोन्ही प्रकारे ऐकवले, तेव्हा दिसताक्षणी गुण बदलले. हे श्रोते ध्वनीच्याच व्यवसायातल्या एका कंपनीत काम करणारे होते, त्यामुळे केवळ अनुभवाने या परिणामातून सुटका होते असं मानता येत नाही. जुनी जोडी घेणाऱ्याने आधी ओहम पाहावेत, दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक जुळतात का ते पाहावं, फेल्ट शाबूत आहे का ते पाहावं, पाटी त्यानंतर.