पुरावा कोणी द्यायचा? : पेट्रोलमधल्या शिशाचा इतिहास



शिसपेन्सिल हा शब्द आपण सगळे लहानपणापासून वापरतो. गंमत अशी की शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. उलट, ज्याच्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता अशा एका वस्तूत ते मुद्दाम घातलेलं होतं, आणि जगभरच्या माणसांनी ते अनेक दशकं श्वासातून आत घेतलं. ती वस्तू म्हणजे पेट्रोल. मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या इतिहासाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो तत्त्वज्ञानाचाच आहे. एखादी गोष्ट घातक आहे की नाही हे नक्की ठाऊक नसेल, तर पुरावा कोणी द्यायचा?

गोष्ट अमेरिकेतली. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात थॉमस मिजली या अभियंत्याला असं आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड अगदी थोडं मिसळलं तरी इंजिनाचे ठोके थांबतात. अल्कोहोलनेही ठोके थांबतात, हे त्या मंडळींना माहीत होतं. पण अल्कोहोलवर पेटंट मिळत नाही. या नव्या मिश्रणावर मिळत होतं. ते बाजारात आलं 'एथिल' या नावाने. शिसं हा शब्द नावातून गळालेला होता. शिसं विषारी आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं असं मात्र समजू नका. रोमन काळापासून ते माहीत होतं.

१९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन हाताळणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण दगावले. वर्तमानपत्रांनी याला 'वेड लावणारा वायू' म्हटलं. मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले. गाजावाजा एवढा झाला की २० मे १९२५ रोजी सरकारी आरोग्य खात्याने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली.

या परिषदेपाशी मला जरा थांबायचं आहे. एका बाजूला येल विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ यांडेल हेंडरसन आणि कामगारांच्या आजारांचा अभ्यास केलेल्या हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. त्यांचं म्हणणं असं की शिसं हळूहळू साठतं. रस्तोरस्ती त्याची धूळ पसरेल आणि लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असेल. म्हणून आधी निर्धोक आहे हे दाखवा, मग विका. दुसऱ्या बाजूला उद्योगाचे तरुण डॉक्टर रॉबर्ट किहो. त्यांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष धोका आहे हे कोणी दाखवलं तर उत्पादन बंद करू, पण नुसत्या मतांवर इतकी उपयोगी वस्तू सोडणार नाही. आधी अपाय दाखवा, मग थांबतो.

दोन्ही वाक्यं ऐकायला वैज्ञानिकच वाटतात, नाही का? पण यांपैकी कोणतं स्वीकारायचं हे कुठल्याही प्रयोगशाळेत ठरत नाही. तो निर्णय प्रयोगाच्या आधीचा आहे, आणि तोच राजकारणाने घेतला.

सरकारी समितीने २५२ जणांची तपासणी करून १९२६ च्या जानेवारीत अहवाल दिला. बंदी घालण्याइतका आधार दिसत नाही, पण परिणाम दिसायला बराच काळ लागू शकतो, म्हणून सरकारी पैशाने अभ्यास चालू ठेवावा, असा त्याचा सारांश. अहवालाचा पहिला भाग सगळ्यांनी लक्षात ठेवला. दुसऱ्यासाठी पैसा आलाच नाही. पुढची सुमारे चाळीस वर्षं या विषयावरचं संशोधन मुख्यतः किहोंच्या सिनसिनाटीतल्या प्रयोगशाळेतून झालं, आणि तिचा खर्च हे रसायन बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांनी उचलला.

आता किहो खोटारडे होते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं म्हणायचं नाही. त्यांनी हजारो मोजमापं केली, चिकाटीने केली. चूक आकड्यांपेक्षा खोल होती. शिशाचं काम करणाऱ्या कामगारांची तुलना त्यांनी ते काम न करणाऱ्यांशी केली. दोघांच्याही शरीरात शिसं सापडलं. मग ते मेक्सिकोतल्या आडगावी गेले, तिथल्या लोकांतही सापडलं. त्यांनी निष्कर्ष काढला की शिसं शरीरात असणं नैसर्गिकच आहे, शरीर ते बाहेर टाकतं, आणि १०० मिलीलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर काळजीचं कारण नाही. पण त्या गावकऱ्यांची जेवणाची मातीची भांडी शिशाची झिलई दिलेली होती! ज्याच्याशी तुलना करायची, ती मोजपट्टीच आधी दूषित झालेली.

आपल्या परंपरेत यावर नेमकं बोट ठेवणारा विचार आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, हे ज्ञान खरं. पण त्यांनी एक अट घातली आहे. अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काय सिद्ध होतं? काहीही नाही. 'अपायाचा पुरावा आढळला नाही' हे वाक्य वाचाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की दिवा लावला होता का? शिशाच्या बाबतीत दिवा लावायचं कंत्राट त्यांच्याकडेच होतं, ज्यांना घडा न दिसण्यात फायदा होता.

दिवा लावला तो भलत्याच दिशेने आलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ. उल्कापाषाणातल्या शिशावरून त्यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं हे मांडलं. ते मोजताना त्यांचे नमुने सारखे बिघडत, कारण हवेत, पाण्यात, हातांवर, सगळीकडे शिसं. त्यापायी त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की अमेरिकन माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. जे सर्वत्र आढळतं ते सामान्य असेल. म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही, आणि निरुपद्रवी तर नाहीच. हे तीन शब्द वेगळे ठेवणं हे पॅटरसन यांचं माझ्या मते मोठं तात्त्विक काम. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांनीही तेच सांगितलं. याची किंमत त्यांना मोजावी लागली. तेल उद्योगाकडून येणारा निधी बंद झाला आणि १९७१ च्या राष्ट्रीय समितीत, या विषयातला एवढा जाणकार असूनही, त्यांना जागा नव्हती.

मग १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. दातांत शिसं जास्त, त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी आणि वर्गातलं लक्ष कमी. ही मुलं आजारी दिसत नव्हती, म्हणून कोणाच्या नोंदीत नव्हती. नीडलमन यांच्यावरही पुढे गैरवर्तनाचा आरोप झाला. चौकशीत तो सिद्ध झाला नाही.

दरम्यान कायद्याची दिशा बदलली होती. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने मान्य केलं की लोकांच्या आरोग्याला धोका संभवत असेल, तर प्रत्यक्ष हानी पूर्ण सिद्ध होईपर्यंत सरकारने हात बांधून बसायची गरज नाही. पेट्रोलमधलं शिसं घटत गेलं, आणि १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तातलं सरासरी शिसं तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. जगात शेवटी थांबला तो अल्जीरिया, २०२१ मध्ये.

कोणी म्हणेल, प्रत्येक नव्या गोष्टीला 'आधी निर्धोक सिद्ध कर' म्हटलं तर जगात काही नवं येणारच नाही. आक्षेप रास्त आहे. संपूर्ण निर्धोकपणा कोणालाच सिद्ध करता येत नाही. १९५३ मध्ये रिचर्ड रडनर या तत्त्वज्ञाने याचं उत्तर सुचवलं होतं. पुरावा किती पुरेसा, हे चूक झाल्यास काय बिघडेल यावर अवलंबून असतं. सावध राहण्यात चूक झाली असती तर काय गेलं असतं? थोडं इंजिनाचं बळ, काही कंपन्यांचा नफा. उलट चूक झाली, तेव्हा मुलांची बुद्धी गेली, आणि ती परत आणता येत नाही. दोन्ही चुका एका तराजूत घालणं म्हणजे तटस्थता नव्हे.

हा इतिहास संपलेला नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा की जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतात आहेत. आता ते पेट्रोलमधून येत नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्यातून येतं, रंगांतून येतं, भेसळीच्या मसाल्यांतून येतं. किहोंची मर्यादा होती ८०. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही.

म्हणून उद्या तुमच्या गावाशेजारी एखादा कारखाना येईल आणि 'अपायाचा पुरावा नाही' असा कागद दाखवला जाईल, तेव्हा तीनच गोष्टी विचारा. शोधलं कोणी? तुलना कोणाशी केली? आणि निष्कर्ष चुकला तर भोगणार कोण? हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.