अलिबागची चुंबकीय वेधशाळा: रेषेपासून अंकांपर्यंत

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चाले. 2 सप्टेंबर 1859 च्या सौरवादळात तिथे या क्षेत्राचे क्षैतिज बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. वेधशाळेचे संचालक मूस यांनी लगेच कुलाबा बंद केले नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे समांतर मोजणी ठेवली. ही दूरदृष्टी नसती, तर जुन्या-नव्या नोंदी एकमेकींना जोडता आल्या नसत्या.

अलिबागच्या बांधकामात लोखंड टाळले होते. अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला चुंबक टांगलेला, त्याला चिकटवलेला आरसा. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या फोटोकागदावर अखंड रेषा काढी.

पुढे चुंबकीय क्षेत्र मोजणारे फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर आले आणि रेषेच्या जागी ठराविक अंतराने घेतलेले अंक आले. ध्वनिमुद्रणातही अखंड लहरीचे असेच अंक होतात. अंकीय यंत्र बारकावे टिपते, पण त्याची शून्यरेषा तापमानाने सरकते. म्हणून ती शून्यरेषा ठरवणारे निरपेक्ष वेध अलिबागला आजही माणूसच घेतो.