शहराबाहेरचे तळे

पट्टा बांधलेला कुत्रा बरोबर घेऊन तळ्याकाठाने फेरी मारणे ही मुंबई-नवी मुंबईच्या मध्यमवर्गाची अलीकडची एक हौस आहे. शनिवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौकच्या आसपास थोडा वेळ उभे राहिले, की मोटारीच्या मागच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खाणारे लॅब्रॅडॉर हमखास दिसतात. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांच्या जाहिरातींत पोहण्याच्या तलावाच्या जोडीने ‘पाळीव प्राण्यांचे स्वागत’ हेही शब्द आता असतात. ही हौस थट्टेवारी न्यावी असे मला वाटत नाही. कुत्रा घेऊन हिंडणाऱ्यांपैकी मीही एक आहे. मात्र या साध्या फेरीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. कुत्रा कोणाचा तरी आहे, तळे पाहण्यासाठी आहे, आणि वाट मोकळी आहे. चौकच्या परिसरात या तीनही गोष्टींना इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

प्रथम कुत्र्याविषयी. कुत्रा बरोबर चालतो ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागून शेवटपर्यंत आलेला कुत्रा कोणी पाळलेला नव्हता. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, दत्ताच्या पायाशी बसलेले चार श्वान, खंडोबाचा कुत्रा, या साऱ्यांत मालक आणि मालमत्ता असे नाते नाही. गावातला कुत्रा गावाचा असे. तो आळीत राही, उष्ट्यावर जगे आणि रात्री परक्यावर भुंके. धनगराच्या वाड्यावरचा किंवा ठाकरवाडीतला कुत्रा याहून थोडा अधिक घरचा, पण त्याच्याही गळ्यात पट्टा क्वचितच असे.

हे नाते कायद्याच्या भाषेत प्रथम मोडले ते मुंबईत. १८१३ च्या एका नियमाने उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा दिली होती. १८३२ साली दंडाधिकाऱ्यांनी ही मुदत वाढवली. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारेकरी हात आखडता घेत नव्हते, आणि रस्त्यावरचा कुत्रा व दारातला कुत्रा हा भेदही फारसा पाळत नव्हते. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडावी यासाठी ‘सगदीद’ हा विधी असतो. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. त्यात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही होते. कुलाब्याच्या छावणीची रसद अडवली गेली, तेव्हा लष्कर आले आणि धरपकड झाली. शेवटी तडजोड निघाली ती अशी, की कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

या तडजोडीतील ‘शहराबाहेर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. शहराला जे नको ते बाहेर न्यावे आणि जे हवे ते बाहेरून आणावे, हा व्यवहार पुढे अनेक बाबतींत चालला. बाहेर म्हणजे रिकामी जागा, असे त्यात धरलेले असते. चौक हे गाव असे ‘बाहेर’ आहे.

रेल्वेपूर्वीच्या काळात पुण्याला जाणारा मुंबईकर होडीने पनवेलला उतरे आणि तेथून चौक, खोपोली या मार्गाने बोरघाट चढे. घाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला होता, आणि चौक या रहदारीच्या वाटेवर होते. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम चौक येथे होता. एका संध्याकाळी ते सहज फिरायला म्हणून समोरचा डोंगर चढू लागले, ग्रेट चौक आणि वन ट्री हिल यांमधल्या ओहोळाच्या पात्रातून वर पोहोचले, आणि त्यांना तेथे गर्द राई दिसली. दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन ते पुन्हा वर गेले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. माथेरानचा ‘शोध’ लागला तो असा. त्या पाटलाचे नाव कोणत्याही पॉइंटाला मिळालेले नाही. गावाचे मात्र मिळाले. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये शोधाची ही हकीकत सांगणारेच लेखन त्याच डोंगरावरच्या धनगर, ठाकूर आणि कातकरी लोकांचेही वर्णन करते. ज्यांच्या पायवाटा तेथे आधीपासून होत्या, त्यांच्या डोंगराचा शोध लागला, यातील विसंगती त्या काळच्या लेखकांना जाणवलेली दिसत नाही.

पुढची कथा परिचित आहे. लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या वास्तव्याने माथेरानला प्रतिष्ठा आली, भूखंड पाडून ते पट्ट्याने देण्यात आले, बंगले उठले. (जमिनीच्या भाडेकराराला आणि कुत्र्याच्या गळ्यातल्या चामड्याला मराठीत एकच शब्द आहे, ही नुसती गंमत नसावी.) १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत गेली, त्या मार्गावरचे नेरळ माथेरानचे दार ठरले आणि चौक मागे पडले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर गेली, तेव्हा तर चौकची वाट दूध-भाजी नेणाऱ्या ठाकरांची आणि हौशी गिर्यारोहकांची तेवढी उरली.

माथेरानवर तळे नव्हते, ओढा होता. त्याच्या काठी पिसारनाथाचे ठाणे. ओढा बांधून पाणी अडवले गेले आणि त्या पाण्याला शार्लट लेक हे नाव मिळाले. देव जुन्या नावाने राहिला, पाणी नव्या नावाने. या तळ्याकाठी ‘हवा खाण्याची’ रीत रूढ झाली. आपल्याकडे पाण्याकाठी माणूस जाई तो पाणी भरायला, गुरे धुवायला, स्नानाला किंवा देवाला. देवाभोवती फिरला तर ती प्रदक्षिणा होई. काहीही न करता पाण्याकाठाने चालणे, आणि त्यासाठी आखीव वाट असणे, ही साहेबाची देणगी. ती आपण मनापासून स्वीकारली आणि त्यात गैर काही नाही.

आजही कुत्रा घेऊन फिरण्यासाठी या भागात माथेरानइतकी चांगली जागा नाही. मोटारींना वर बंदी असल्याने लाल मातीच्या वाटा चालणाऱ्यांच्याच आहेत. २००३ पासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. तरीही दोन गोष्टी पाहुण्याने लक्षात ठेवाव्यात. तेथले घोडे ही स्थानिकांची उपजीविका आहे, आणि मोकळा सुटलेला कुत्रा घोड्याला बुजवतो. पाठीवरचे मूल पडायला तेवढे कारण पुरते. दुसरे म्हणजे शार्लट लेक हे गावाच्या पिण्याच्या पाण्याचे तळे आहे. त्यात कुत्र्याला पोहायला सोडणाऱ्याला ते केवळ देखावा वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

पायथ्याचे तळे याहून फार मोठे आणि फार तरुण आहे. धावरी नदीवरचे मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घेतले. पूर्ण भरले म्हणजे पाण्याची पातळी ८८ मीटर, साठा सुमारे १९१ दशलक्ष घनमीटर, आणि दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी पुरवण्याची योजना. स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका म्हणून नवी मुंबईला याचा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. परंतु या पाण्याखाली शेते आणि घरे गेली. ज्यांची गेली त्यांची पुनर्वसनासाठीची आंदोलने धरण भरू लागल्यानंतरही चालू राहिली. इर्शाळगडावरून पाहिले म्हणजे हे निळे पाणी अतिशय देखणे दिसते. ते पाहताना आपण कोणाच्या तरी बांधावरून पाहत आहोत, याची आठवण करून देणारे तेथे काहीही नाही.

इर्शाळगडाच्या कुशीतच इर्शाळवाडी होती. सुमारे ४८ घरांची ठाकर वस्ती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. माती उपसणारी यंत्रे वर नेता येईनात. बचाव पथके चिखलातल्या पायवाटेने चालत गेली, आणि मदतीला निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी चढणीवरच हृदयविकाराने मरण पावला. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. वाचलेल्यांचे पुनर्वसन पुढे चौकजवळ झाले.

आपण जिला गडाची वाट म्हणतो, ती या माणसांची शाळेची, बाजाराची आणि दवाखान्याची वाट होती. आठवड्याच्या शेवटी येणाऱ्यांना ती पक्की नसल्याचेच आकर्षण. तेथे राहणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. एकाच पायवाटेचे हे दोन अर्थ एकमेकांना कधी भेटत नाहीत.

कुत्र्याच्या प्रश्नाचे वर्तुळही पूर्ण झालेले नाही. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडावा असे ठरवले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलला. १८३२ मधला वाद जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा ऐकू आला: न्यायचे, पण कोठे? चौक-कर्जतच्या वाटांवर याचे एक उत्तर दृष्टीस पडते. हौसेने आणलेले आणि हौस फिटल्यावर फार्महाऊसच्या फाटकाबाहेर सोडलेले जातिवंत कुत्रे गावच्या कुत्र्यांत केविलवाणे उभे असतात. प्राणी असा टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही ते घडते, कारण सोडणाऱ्याच्या लेखी तो कुत्रा ‘शहराबाहेर’ गेलेला असतो.

म्हणून फेरी मारू नये असे मी म्हणणार नाही. मारावी, कुत्र्यालाही डोंगराचा वारा लागावा. पट्टा हातात असावा, लस टोचलेली असावी, पाण्यात कुत्रा उतरवू नये, घाण उचलावी, आणि आणलेला कुत्रा परत न्यावा. वाटेत वाडीवरची कोणी बाई डोक्यावर मोळी घेऊन समोरून आली, तर आपण कुत्र्यासह कडेला व्हावे. १८५० साली मॅलेट साहेबाबरोबर चाललेल्या पाटलाला वाट ठाऊक होती. ती आजही तिच्यासारख्यांनाच ठाऊक आहे.