नाव आधी की पराक्रम आधी?

शूरांच्या कथा पोथीतच राहतात असे नाही. त्या डोंगराला, खिंडीला, कड्याला जाऊन बिलगतात आणि नावाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. आपणा स्त्रियांचा या नावांशी निकटचा संबंध आहे. कारण पुस्तक हाती येण्यापूर्वीच मुले ती आपल्या तोंडून ऐकतात. म्हणून सिंहगडाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

कथा सर्व भगिनींना ठाऊकच आहे. मुलाचे लग्न बाजूस ठेवून तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चालून गेले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढले, गड हाती आला. पण तानाजी धारातीर्थी पडले. आपल्या या सिंहाच्या स्मरणार्थ महाराजांनी गडाला सिंहगड हे नाव दिले, असे आपण सांगत आलो. पोवाड्यांनी तानाजींची कथा गावोगाव नेली आणि पुढे हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने ती घरोघर पोचविली.

कागदपत्रे मात्र निराळे सांगतात. शिवाजी महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात सिंहगड हेच नाव आलेले आहे. म्हणजे तानाजींच्या बलिदानापूर्वी जवळजवळ सात वर्षे ते नाव वापरात होते!

हे वाचून एखादीला हळहळ वाटेल. मला तसे वाटत नाही. नाव कोणी ठेवले हा एक प्रश्न, आणि त्यात अर्थ कोणी भरला हा दुसरा. १७०३ साली औरंगजेबाने हाच गड घेऊन त्याचे नाव ‘बक्षिंदाबक्ष’ ठेवले. नाव बादशहाने ठेवलेले, तरी ते लोकांच्या तोंडी बसले नाही. सिंहगड मात्र टिकला. कारण तो शब्द उच्चारताच तानाजी डोळ्यांपुढे उभे राहतात.

विशाळगडाच्या वाटेवरील घोडखिंडीची गोष्ट याच्या उलट. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे यांनी तेथे शत्रूला रोखून धरले, आणि त्यांच्या रक्ताने ती पावनखिंड झाली, असे परंपरा सांगते. तेथे पराक्रम आधी, नाव मागून. सिंहगडावर नाव आधीचे, पराक्रमाने त्याला सार्थ केले.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना ही कथा जरूर सांगावी, अगदी रंगवून सांगावी. पण १६६३ चे पत्रही सांगावे. नाही तर उद्या ते पत्र मुलांच्या वाचनात येईल आणि आईने सांगितलेले नावच खोटे, तर तानाजीही खोटेच असतील, अशी शंका त्यांच्या मनात शिरेल. तानाजींचे शौर्य गडाच्या नावावर अवलंबून नाही. उलट, आधीच असलेले नाव लोकांनी त्यांचेच मानावे, याहून मोठे स्मारक ते कोणते?